मिनिटाला एक

४ जानेवारी
लागलं एकदाचं घर. दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि टेबलावर सकाळी दहापर्यंत ऊन. बायकोला इथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली म्हणून तिच्यामागून आम्ही आलो. आम्ही म्हणजे मी, अडीच वर्षांची ठकी आणि संगणक. जिना चढताना बायकोने ठकीला छातीशी धरलं होतं आणि मी संगणकाला. त्यावरून हमालाने मला एक टोमणा मारलाच.

माझं काम जुन्याच प्रकाशकाचं. पुस्तकांची मुद्रितं तपासायची, पानं लावायची आणि मोडेमवरून पाठवून द्यायची. टेलिफोनवाल्याने आजच जोडणी दिली. मोडेम पहिल्यांदा किंचाळला तेव्हा ठकीने दोन्ही कान दाबले आणि मग खदखदून हसली. बायकोची ड्यूटी सकाळी सात ते दुपारी दोन. तोवर ठकी माझ्या ताब्यात, किंवा खरं सांगायचं तर मी तिच्या. फार बरं वाटतंय इथे.

९ जानेवारी
प्रकाशकाने कवितांचं पुस्तक धाडलंय आणि शीर्षकांना नाजूक टाइप हवा म्हणून हटून बसलाय. शोधता शोधता एक फुकटचा टाइप सापडला. तो उतरवून घ्यायला एक छोटा प्रोग्रॅम लागत होता आणि त्याआधी चार पानी करार पुढे आला. दुसऱ्यांचं अक्षर न् अक्षर वाचून पोट भरणारा मी, पण ठकीला नेमकी तेव्हाच शी आली. न वाचता 'मान्य' दाबून मोकळा झालो. टाइप मात्र देखणा आहे हं. वेलांट्या तर बघत राहाव्यात अशा.

१५ जानेवारी
बायको घरी आली ती फणफणतच. सकाळपासून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एंगेज. मी फोनला हातही लावला नाही असं शपथेवर सांगितलं, तर म्हणाली की मग ठकीच बसली असेल गप्पा मारत.

संध्याकाळी संगणकवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत चोर पकडला. टाइपासोबत आलेला तो प्रोग्रॅम मोडेमचा आवाज बंद करतो आणि आपल्या नकळत कुठल्यातरी लांबच्या, महागड्या नंबरला फोन लावतो. लाइन चालू राहील तेवढी मिनिटं आपल्या नावावर चढतात. लोकांची घरंदारं विकायची पाळी आलीय यापायी, असं त्याने मोठ्या चवीने सांगितलं. प्रोग्रॅम पुसला आणि टेलिफोन कचेरीतून कॉलची यादी आण म्हणाला.

१६ जानेवारी
कचेरीतल्या बाईंनी यादी छापून दिली. नऊ तारखेपासून सतरा कॉल, सगळे एकाच नंबरला, आणि तो नंबर बावीस आकडी. रकमेच्या रकान्यात सतराही वेळा शून्य. दराच्या रकान्यात लिहिलंय: मिनिटाला एक. एक काय, ते नाही. मी विचारलं तर बाई म्हणाल्या की छपाईत राहिलं असेल, पैसे लागले नाहीत ना, मग आनंदाने घरी जा की. जिवात जीव आला. तरी 'एक' पुढची जागा मला सलतेय. मुद्रितात असती तर लाल पेनाने गोल केला असता.

१८ जानेवारी
पान लावून झालं की वहीत वेळ टिपायची माझी जुनी सवय. आज सहज ती वही यादीशेजारी ठेवली.

दहा तारखेला पान ४१ संपलं नऊ वीसला आणि पान ४२ दहा पाचला. एरवी मला पानाला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी आळस केला असं समजून मी स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. यादीत त्या दिवशीचा कॉल: नऊ बावीस ते दहा एक.

सतराच्या सतरा कॉल असे जुळले. त्या वेळांत मी काय केलं ते काहीच आठवत नाही. डोळा लागला म्हणावं, तर झोप कधी घड्याळ लावून येत नाही. आणि त्या प्रत्येक वेळी ठकी या खोलीत माझ्या भरवशावर होती.

१९ जानेवारी
ठकीला विचारलं की बाबा काम करताना कधी झोपतो का. ती म्हणाली की बाबा ईईई करतो. कसं, म्हटलं. ती पाटावर बसली, हात गुडघ्यांवर ठेवले, तोंड उघडलं आणि घशातून हुबेहूब मोडेमची किंकाळी काढली. मग विचारलं की आपण पुन्हा खेळायचं का.

मी तिला पोटाशी धरलं. बायकोला काय सांगू? कुठून सुरुवात करू?

२२ जानेवारी
प्रोग्रॅम पुसलेला. मोडेमची वायर मी परवा स्वतः कात्रीने कापली होती.

आज ठकीचा फ्रॉक इस्त्री करत होतो. भानावर आलो तर फ्रॉक जळून चिकटलेला, घरभर धूर, आणि ठकी टेबलाखाली. रडून रडून उचकी लागलेली. दोन बोटांना फोड. घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे. वायर परत जागेवर होती. जोडावर चिकटपट्टी, तीन वेढे, कडा दुमडलेल्या. माझीच पद्धत ती.

बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी ठकीच्या बोटांना मलम लावलं, मग माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊ. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२३ जानेवारी
मोडेम काढून पेटीत बंद केला. किल्ली सायकलवाल्याकडे. हातापाया पडलो तरी देऊ नकोस, असं बजावलं. तो हसला. ठकीला दोन वाजेपर्यंत खालच्या शिवणकामवाल्या मावशींकडे ठेवलं.

२४ जानेवारी
दिवसभरात एकही मिनिट गेलं नाही. दर पाच मिनिटांनी वहीत खूण केली. सुटलो बहुतेक.

२५ जानेवारी
अकराला मावशी धापा टाकत वर आल्या. ठकी चिंध्यांशी खेळता खेळता थांबली. हात गुडघ्यांवर. तोंड उघडं. वीस मिनिटं हाका मारल्या, हलवलं, पाणी शिंपडलं. मावशींकडे फोनसुद्धा नाही.

ती भानावर आली तेव्हा मी समोर होतो. माझ्याकडे बघत राहिली. मला 'बाबा' म्हणाली नाही.

२६ जानेवारी
बायकोने तिला इस्पितळात सोबत नेलं. तिथेही. बाकावर बसल्या बसल्या, चाळीस मिनिटं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. काही निघालं नाही. बायको घरी आल्यापासून तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. आता बायकोलाही पटलंय की हा माझा आजार नाही.

करार शोधला. संगणकात होता. तिसरं पान, बारीक अक्षरं, त्याच देखण्या टाइपात:

'मिनिटे वापरकर्त्याकडून घेतली जातील. तो उपलब्ध नसल्यास त्याच्या घरातील अन्य व्यक्तीकडून. एका वेळी एकाच व्यक्तीकडून.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मी पेटीला कुलूप लावलं. मी उपलब्ध नव्हतो. मीच तिला पुढे केलं.

माझी चाळिशी उलटली. तिच्याकडे मिनिटं किती आहेत — केवढी आहेत —

२७ जानेवारी
एका वेळी एकाच व्यक्तीकडून. रात्रभर तेवढंच वाक्य वाचतोय. मी लाइनवर असलो तर तिचा फोन लागणार नाही.

बायकोला सांगितलं. आधी नाही म्हणाली. मग नुसती रडली. आज रजा टाकून ठकीला घेऊन मावशींकडे खाली बसलीय. वर येऊ नकोस म्हटलंय.

साडेदहा. सायकलवाला किल्ली देईना. बायकोने मावशींच्या खिडकीतून सांगितलं तेव्हा दिली.

दहा चाळीस. मोडेम टेबलावर.

दहा पंचेचाळीस. खालून आवाज. ठकीचा. ईईई — बायको हाका मारतेय तिला — वायर भोकात जात नाही —

गेली.

दिवे लागले. नंबर फिरतोय. बावीस आकडे. लांबलचक.

खालचा आवाज थांबला.

ती रडतेय. रडतेय! बाबा म्हणाली. खिडकीतून स्पष्ट ऐकलं, बाबा म्हणाली. पाणी मागतेय आता. अगं, फार गार देऊ नकोस, तिचा घसा लगेच