धरून ठेवलेली जागा

मॅडम,

परवा अकोल्यात, माझ्या फार्मसीच्या वर्गात, मेंदूतले रिसेप्टर, रसायनांच्या बसायच्या जागा, आणि त्या अडवणारी औषधं शिकवत होते. एका मुलीने विचारलं, औषध रिसेप्टरवर नुसतं बसून राहतं, काम काहीच करत नाही, तर ते घ्यायचं कशाला? मला हसू आलं. औषध घ्यायचं कशाला, हेच माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं होतं, अमरावतीला, तुमच्या स्वयंपाकघरात.

त्याआधीचं तुम्हाला माहीत आहेच, तरी लिहिते. कॉलेजात तुमचं प्रॅक्टिकल चालू असताना मी बीकर टाकून उठले, कारण शेजारच्या खोलीत मुली माझ्याबद्दल बोलत होत्या. ती खोली कुलूपबंद होती. तुम्ही कुलूप काढून दाखवलं नाहीत, मला वेडीही म्हणाला नाहीत. बाकावर बसवलंत आणि म्हणालात, "तुले ऐकू येते, मले येत नाई. चाल, दोघी डॉक्टरकडे जाऊ." इतकं सरळ माझ्याशी त्या दिवसांत कोणीच बोलत नव्हतं.

गोळ्यांनी आवाज थांबले. मी बरी दिसायला लागले आणि भातकुलीहून बाबांचा निरोप आला, पाहुणे बघायला येणार आहेत, गोळ्या आता बंद. मलाही तेच हवं होतं, दिवसभर अंग जड व्हायचं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इतक्या चिडलात की बाबांना घरी बोलावूनच घेतलंत. ते मळ्यातली मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आले. तुम्ही तोच सांभार निवडत बसल्या आहात, बाबा फरशीकडे बघत विचारतात, पोरगी तं बरी झाली आता, मंग औषध काहून खाव लागते?

"भाऊ, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता नं? रुमाल काई गावाले जात नाई, पन त्याच्यावर दुसरा बसत बी नाई. इच्या डोक्यात एक रसायन लई झालं, दिसली जागा का बसून राह्यलं. हे गोळी ते जागा धरते. पन गर्दी रेटून रुमाल सरकवते, म्हनून रोज टाका लागते."

बाबा स्वतः रुमाल टाकणारे आणि दुसऱ्याचे सरकवणारे, त्यांना हे लगेच पटलं. मग त्यांनी विचारलं, पाहुण्याले काय सांगू? खरं सांगा, तुम्ही म्हणालात, जो पळन त्याले पळू द्या.

पहिले पाहुणे अर्धे पोहे टाकून गेले. बाबांनी पुढच्यांनाही तेच सांगितलं, आणि तो मुलगा आज माझा नवरा आहे. मी शिकले, नोकरीला लागले, वर्गात उभी राहते, ते तुमच्या त्या चिडण्यामुळे. तुम्ही असताना हे बोलले नाही, कारण आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलायचात.

आता डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं चांगली गेली, अर्धी गोळी करून पाहू. घरात सगळ्यांना आनंद झालाय. नवरा रोज सकाळी गोळी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवतो, आणि तो वळला की उरलेली, टाकून द्यायची अर्धीही मी घेते. मला भीती वाटते, मॅडम. तुम्ही असतात तर चांगल्या रागावल्या असतात, आणि उद्यापासून मी अर्धीच घेतली असती.