साइटवर पांढुर्णा कुठंच नव्हतं

सोमवार, दिवेलागण

आज पाय जमिनीवर ठरून नाही राहिले! गेल्या हंगामापासून आमच्या संत्र्याच्या वेबसाइटशी झगडून राहिली मी. नेटवर "नागपुरी संत्रा" टाकलं की आधी सारं जग दिसते, अन् आम्ही कुठं तरी पार तळाशी. वर यावं कसं?

दुपारी भोपाळच्या एका बाईचा फोन आला. भाव नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "संतरा पांढुर्ना का ही है ना?" म्हणे, नेटवर पांढुर्ण्याचा संत्रा खूप शोधला, तुम्ही दिसलेच नाही. शेवटी शेजारणीनं नंबर दिला.

फोन ठेवला अन् सारी साइट वाचून काढली. पांढुर्णा, मध्य प्रदेशातला आमचा तालुका, एकदाही नाही! बगीचा आमचा, फोटो आमचे, नाव नागपूरचं. अन् हे लिहिलं कोणी? मीच. आजोबांपासून पेट्यांवर नागपुरीच लिहीत आलो, मग दुसरं सुचणार तरी कसं?

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अवं, माल नागपुरी म्हणूनच जाते. पांढुर्णा कोण ओळखते?"

"भोपाळची बाई ओळखते, बाबा."

ते अंगणात गेले. मी पहिल्याच ओळीत "पांढुर्ण्याचा संत्रा" टाकलं, मराठीत अन् हिंदीतही. बाई शोधते तसंच. आता तरी वर येऊ का? येऊच, असं वाटून राहिलं.

तेवढ्यात बाबा परत आले, दारातच थांबले.

"तिगावही लिही. बगीचा तं तिगावात हाय नं आपला."