बिनपत्त्यांचा डाव

बसवकल्याण,
१६ फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप श्रीपतराव दाजींना बसवकल्याणच्या गिरणीतनं, पिठाच्याच हातानं, नरसिंगचा दंडवत.

इकडं सगळे खुशाल हायत. (मी न्हाई, पण ते पुढं येईल.) आमच्या सुशीला अक्काचा गुडघा आता कसा हाय? तिला म्हणावं, भाऊ रोज आठवण काढतो. आमच्या कारभारणीनं, इंदिरानं, तुमच्यासाठी शेंगाची चटणी उमरग्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली हाय. बरणी अर्धी निघाली तर आम्ही भरून पाठवली हुती असं समजा.

आमचा गिरणीतला खेळ तुम्हाला ठाऊक न्हाई, म्हणून मुळापासून सांगतो. दळणाचे डबे रांगेला लावून लोक माझ्या ओट्यावर पत्ते कुटत बसायचे, मीबी बसायचो. दोन वर्षांखाली इंदिरानं अख्खा कॅट चुलीत घातला. (कामून ते विचारू नका. डाव सोडवंना म्हणून मी हरबऱ्यावरच तिची ज्वारी दळली हुती, आणि भाकरी थापता येईना.) दुसऱ्या दिवशी लाइट गेलेली, महादेवप्पा आणि हरिबा नेहमीच्या जागी तोंडं पाडून बसलेले. मी मधी जाऊन बसलो, रिकामा हात पोत्यावर आपटला आणि म्हणलो, बदामची राणी! महादेवप्पानं पापणी न हलवता आपला रिकामा हात वर आपटला. कटली! तवापासून आमचे बिनपत्त्यांचे पत्ते चालू हायत.

नियम सगळे माझ्या डोक्यातले, दाजी. सोमवारी राणीचा उपवास, तिनं कुणाला मारायचं न्हाई. लाइट गेली की हुकूम बदलतो. मधेच उठावं लागलं तर पानं दुसऱ्याजवळ धरायला द्यायची आणि त्यानं ती बघायची न्हाईत. लोक इतके पक्के झालेत की हरिबा एकदा किलवरची सत्ती चुकून खिशात घालून लेकीकडं मैलूरला गेला, तर तेवढी द्यायला दुसऱ्या दिवशी बसनं परत आला. तवर डाव तसाच ठेवलेला. माणिकराव मास्तर (शाळेतनं रिटायर झाल्यात, घरात कुणी ऐकत न्हाई) खेळता खेळता सगळे डाव वहीत उतरवून घेत्यात. मागं उभारलेली मंडळी हळहळत्यात, अरेरे, चौकट आधी काढायला पायजे हुती म्हणून.

तर अशा ह्या सोन्यासारख्या खेळात आला बसलिंगप्पा. गुलबर्ग्याहून तहसील कचेरीत बदलून आलेला कारकून. बोलणं मऊ, कपडे पांढरेशुभ्र, आणि पानं काय धरतो! बोटं पसरून एक पान काढतो, विचार करतो, परत ठेवतो, दुसरं काढतो. बघूनच माझं पित्त खवळतं. आठ दिवसांत मराठीत, कानडीत, दखनीत कट मारायला लागला. मी राजा टाकला की मान खाली घालून म्हणतो, "अण्णा, माफ करा, एक्का." एक्क्यापेक्षा ते माफ करा जास्त झोंबतं. आणि मंडळी टाळ्या वाजवत्यात! माझ्या गिरणीत, माझ्या ओट्यावर, माझ्या खेळात! लपवत न्हाई दाजी, जळतो मी त्याच्यावर. जेवण गोड लागंना झालंय.

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यात मादन हिप्परग्याच्या जत्रेत तिथल्या मंडळींशी आमचा सामना हाय. (त्यांनीबी आमचं बघूनच हा खेळ उचललाय.) स्टेजवर, माईक लावून. आपली चार माणसं जायची. महादेवप्पा, हरिबा आणि मास्तर ठरलेले. चौथी जागा माझी का बसलिंगप्पाची, ते गेल्या रविवारच्या डावावर ठरणार हुतं. डाव रंगात आला आणि ह्यानं तिसरा एक्का टाकला. मला ऱ्हावलं न्हाई. उठून वरडलो, ह्यानं बाहीत पान लपवलंय!

बसलिंगप्पा उभा राहिला, दोन्ही बाह्या उलगडून झटकल्या. मास्तरांनी चष्मा लावून खालची जमीन बघितली आणि वहीत लिहिलं, निर्दोष. (पडलं असतं तर दिसलं असतं कसं, हे कुणी विचारंना.) मग तो हळूच म्हणाला, "अण्णा, तुमची टोपी बघू का?" मी ऐटीत काढून दिली. त्यानं आत बघितलं आणि मास्तरांकडं दिली. मास्तरांनी बघितलं. महादेवप्पानं बघितलं. हरिबानं बघून डोळे पुसले. "नरसिंग," मास्तर म्हणाले, "इस्पिकचा एक्का. तुझ्याकडनं ही अपेक्षा न्हवती."

आणि दाजी, काय सांगू, माझ्या तोंडातनं निघून गेलं, चूक झाली! कसली चूक, ते मला अजून कळंना. पण त्या घडीला टोपीत एक्का हुता असं मलाच वाटलं.

आता मी नुसता दळतो. हिप्परग्याला बसलिंगप्पा जायलाय. मला म्हणलेत, सतरंजी उचलायला चल. इंदिरासुद्धा म्हणती, लपवायचंच हुतं तर दुसरी जागा न्हवती व्हय?

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा (ज्यानं हा खेळ काढला तो),
नरसिंग

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. जत्रेच्या आधी या, आणि सोलापुराहून एक नवा कोरा कॅट आणा. खरी बावन्न पानं ओट्यावर पडली की हा खेळ मोडला आणि बसलिंगप्पाची विद्याबी गेली. अक्काजवळ बोलू नका, ती इंदिराला कळवती.

आणखी ता. क. कॅट आणू नका. पाकीट चिकटवत हुतो, तेवढ्यात बसलिंगप्पाला भर डावातनं कचेरीचं बोलावणं आलं. महादेवप्पानं हात पुढं केला, हरिबानं केला. पण हा त्यांना ओलांडून चक्कीपाशी आला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्हीच धरा." मी हात धोतराला पुसले आणि घेतली. गिरणी बंद ठेवून अर्धा तास उभा हाय, डाव्या हातात त्याची पानं हायत, उजव्यानं हे लिहायलोय. आतल्या बाया दळणासाठी बोंबलायल्यात. बोंबलू द्या. पानं बघितली न्हाईत, अक्काची शपथ.

तीन राण्या आणि हुकमाचा एक्का. लेकाला पानंबी चांगलीच पडत्यात!