हौस कापडी लंगोटांची

४ मार्च
नळाचं पाणी आज लवकर गेलं. लंगोट अर्धेच खळबळले होते. उरलेले बोअरच्या पाण्यात काढले, म्हणजे वाळून पापडासारखे कडक होणार. मंदारला म्हटलं, उद्या लवकर उठून दोन बादल्या भरून ठेव ना. कूस बदलत म्हणाला, "कापडी लंगोट ही तुझीच हौस ना?"
मग पोरगीही माझीच हौस का, हे विचारायचं राहिलं.

७ मार्च
हौस माझी, खरंय. मनू पोटात असतानाच ठरवलं होतं, प्लास्टिकचे डायपर नकोत. पाथर्डी फाट्याजवळ कचऱ्याच्या ढिगात कुत्री डायपर फाडत होती, तेव्हाच डोक्यात बसलं. मंदार म्हणाला होता, "मस्त. आपण करू."
आपण.
कळवणहून आईने रिठे पाठवलेत. उकळून पाणी गाळून ठेवलं. आधी गार पाणी, नाहीतर शीचा डाग पक्का बसतो. मग रिठा, मग दोनदा साधं पाणी, मग गच्चीवरचं ऊन. पिवळेपणा उन्हानेच जातो. शेवटचं पाणी कुंड्यांना.
पाठ दुखतेय. टाके अजून ओढतात.

११ मार्च
मनूला पुरळ. मांड्या लालबुंद. रडून रडून आवाज बसला तिचा.
सासूबाई : "सांगत होते. सोड आता त्या चिंध्या."
मंदार गप्प. गप्प म्हणजे त्यांच्या बाजूने.

१२ मार्च
डॉक्टरबाईंनी विचारलं, "कपड्यांत साबण किंवा वासाचं काही राहतंय का?" मी ठामपणे नाही म्हटलं.
घरी येऊन लंगोट हुंगला. गुलाबाचा वास! पाण्याचा थेंब टाकला, तो वरच्यावर ओघळून गेला. कापड पाणी पीतच नव्हतं.
सासूबाईंना विचारलं. "अगं, रिठ्याने कुठे स्वच्छ होतं? तू आंघोळीला गेलीस की शेवटच्या पाण्यात मी ते कपडे मऊ करायचं सुगंधी औषध टाकत होते. आपल्या सगळ्या कपड्यांना टाकतेच की."
मुद्दाम नाही केलं त्यांनी, कळतं मला. पण मनूकडे बघवत नव्हतं.
मंदार म्हणे, "जाऊ दे ना, आईने मदतच केली."
मदत. या घरात माझ्याशिवाय पहिल्यांदा कुणी लंगोटांना हात लावला, तो असा.

१६ मार्च
पुरळ उतरतंय. सगळे लंगोट गरम पाण्यात पुन्हापुन्हा काढले, वास जाईपर्यंत. बोटांना भेगा पडल्यात.
संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. गच्चीवरची दोरी, रांगेत लंगोट, पुढे मनूला घेऊन मंदार. खाली : "आमच्या घरात डायपरला बंदी. थोडे कष्ट, पण पृथ्वीसाठी!" टाळ्या, अंगठे, हिरवी पानं.
खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "नशीबवान आहेस गं, असा नवरा."
मी हसले. का हसले?

२० मार्च
रजा संपली. सोमवारी सातपूरला, कंपनीच्या लॅबमध्ये हजर व्हायचं. मंदारला सांगितलं, मनूला सासूबाई बघतील, तुझं काम घरूनच असतं, तर सकाळी लंगोट तू धू.
"बघू."
सासूबाईंना विचारलं, तर त्या आधी मंदारकडे बघायला लागल्या. काहीतरी शिजतंय.

२३ मार्च
गेले. लॅबचे कुलथे सर मला बघून गोंधळलेच. "अहो मॅडम, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता ना? आणखी सहा महिने येणार नाही म्हणून? तुमच्या जागी मुलगी घेतली आम्ही."
"सर, मला कुणी विचारलंच नाही."
ते चष्मा पुसत बसले. "गुरुवारी या. साहेबांशी बोलून बघतो."
रिक्षात रडू आलं नाही. घराच्या दारात आलं.
मंदार : "तुझ्याच भल्यासाठी केला फोन. झेपलं असतं तुला? प्लास्टिक नको म्हणतेस, मग लंगोट धुणार कोण?"
"तू."
हसला. खरंच विनोद वाटला त्याला.

२५ मार्च
परवापासून लंगोटांना हात लावला नाही. बादलीचा वास पार जिन्यापर्यंत. मंदारने काल डायपरचं पाकीट आणलं, सासूबाईंनी मनूला घातला.
मी काढला नाही. तेच सगळ्यात जास्त लागलंय. मनू शांत झोपली त्यात.
ग्रुपवरचा फोटो मात्र तसाच आहे.
उद्या लॅबला जायचा ड्रेस इस्त्री करत होते, तर सासूबाई दारात येऊन उभ्या. मग म्हणाल्या, "मलाही बालवाडीत नोकरी लागली होती. मंदार झाला आणि सोडली."
मी इस्त्री खाली ठेवली.
"उद्या किती वाजता निघतेस?"
अडवायला विचारत होत्या की मनूला सांभाळायला, कळलं नाही. चेहऱ्यावरून काही दिसेना.
म्हटलं, साडेआठला.