‘जैसे थे’चा खुलासा आणि रस्त्याकडची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सदरलेखन, आता निवृत्त, आज मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेतो. खोलीचे दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. बाहेर मुलगा आणि सूनबाई बसले आहेत आणि माझ्या पेनाचा आवाज त्यांना ऐकू जात असणार. मला कोणी कोंडून लिहायला लावलेले नाही आणि मीही लपून लिहीत नाही, हे पुढे कोणाला तरी सिद्ध करावे लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. मनाबद्दल. मागच्या ऑक्टोबरात मला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय सावरले, शब्द मात्र अधूनमधून दगा देतात. परवा मी चष्म्याला कुलूप म्हणालो. सूनबाईंनी ते तारीखवार वहीत टिपून ठेवले आहे, आणि त्या वहीच्या जोरावर मुलाने माझ्यावर पालक नेमावा असा अर्ज न्यायालयात केला आहे. सुनावणी येत्या सोमवारी आहे. अर्ज मंजूर झाला, तर त्यानंतर माझ्या सहीला कुत्रे विचारणार नाही. म्हणून हे आज.

सव्वीस वर्षे मी ‘निकालाचा अर्थ’ हे सदर लिहिले. भाडे, पोटगी, अपघात, वारसा, ग्राहकाची फसवणूक, जो कोणता निकाल लागेल तो दर बुधवारी साध्या भाषेत उलगडून सांगायचा. त्याच सवयीने सांगतो. मृत्युपत्रापुरते मन ठिकाणावर असणे म्हणजे चष्म्याला चष्मा म्हणता येणे नव्हे. आपले काय आहे, आपले कोण आहे, कोणाला काय देतो आणि का देतो, एवढे कळले की पुरे. माझे हे दोन मजली घर आहे, स्वकष्टाचे. मला एक मुलगा, एक मुलगी. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. सूनबाईंनी हवे तर हेही वहीत टिपावे.

२. घराचा वरचा मजला आणि तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या मुलगा व मुलगी यांना निम्म्या निम्म्या. मुलगी दूर राहते, तिला काय करायचेय घर, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्या सदराचे जुने अंक वाचावेत. मी हे इतक्यांदा लिहिले की छपाईवालाही मला चिडवायचा. मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती माझ्यासारखीच हट्टी आहे आणि माझ्यापेक्षा धीट.

३. बँकेतली ठेव दोघांत समान. त्यावरून भांडू नये, भांडायला पुढे बरेच काही आहे.

४. कायद्याचे तीन कोश आणि भिंग मुलीला. कात्रणांच्या अकरा फायली रद्दीत घालाव्यात. कोणी आठवण म्हणून ठेवू म्हणेल तर ठेवू देऊ नये. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला की कालचा अर्थ आज चुकीचा ठरतो, पण कात्रणाला ते कळत नाही आणि ते घरात जपून ठेवणाऱ्यालाही नाही.

५. माझ्या माजी संपादकांना काहीही नाही. त्यांना ते कमी वाटले तर त्यांनी खालचे कलम वाचावे.

६. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली, तिचे रस्त्यावर उघडणारे दार, लोखंडी शटर, विजेचे मीटर आणि बाहेरच्या दोन पायऱ्यांसह, मी शिवणवाल्या बाईंना देतो. या बाई बाजारातल्या मोठ्या कापड दुकानाच्या आडोशाला मशीन टाकून बसतात; पॅन्टची उंची कमी करणे, चेन बदलणे, उसवलेले शिवणे अशी कामे करतात. त्यांचे नाव-पत्ता सोबतच्या पाकिटात आहे. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांचे आणि माझे आजवर एक शब्दही बोलणे झालेले नाही.

इथे वाचणाऱ्याच्या भुवया चढणार. चढाव्यातच. मृत्युपत्र न्यायालयात गेले की तिथे शंकेची झडती होते. सही थरथरलेली का? पोटच्या मुलाला डावलून परक्याला का? ज्याला मिळाले, तोच लिहिताना मांडीला मांडी लावून बसला होता का? शंका निघाली तर ती फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. म्हणजे उद्या या बाईंवर. ‘म्हाताऱ्याला तुम्ही कशी भुरळ घातलीत?’ असे त्यांना भर कोर्टात विचारले जाईल, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे त्यांना उत्तर देता येणार नाही. कारण मला ठाऊक आहे. ते मी एकोणीस वर्षे झाकून ठेवले. आता ते लिहिले नाही तर ही खोली बाईंच्या हाती लागत नाही, म्हणून लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी एका गाजलेल्या दाव्यात ‘जैसे थे’चा हुकूम झाला आणि मी त्यावर सदर लिहिले. वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘जैसे थे म्हणजे जसे होते तसे, भांडण सुरू होण्याआधी जो जिथे होता, तो तिथे.’ लिहिताना स्वतःवर खूष होतो. शब्दात ‘थे’ आहे, ‘थे’ म्हणजे होते, हिशेब संपला. पण हुकमाचा अर्थ शब्दाच्या काळावरून ठरत नाही. खास काही म्हटलेले नसेल तर ‘जैसे थे’ म्हणजे हुकूम झाला त्या दिवशी जसे आहे तसे. आत असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर. पुन्हा आत जायचे तर वेगळा हुकूम मागावा लागतो. मला हे माहीत होते. घाईत होतो आणि वाक्य छान जमले होते.

शिवणवाल्या बाईंचे तेव्हा भाड्याचे दुकान होते, सहा फूट बाय दहा. मालकाने त्यांच्या कुलपावर आपले कुलूप चढवले. आत लोकांचे अर्धे शिवलेले कपडे, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. बाई कोर्टात गेल्या. तीन दिवसांनी हुकूम झाला: जैसे थे. त्यांचा वकील बाहेरगावी होता. बुधवारी बाईंनी माझे सदर वाचले, गुरुवारी किल्लीवाल्याला घेऊन गेल्या, मालकाचे कुलूप तोडले आणि मशीनवर जाऊन बसल्या.

अवमानाच्या सुनावणीला मी हजर होतो, पत्रकारांच्या बाकावर, दुसऱ्या कामासाठी आलेला. न्यायाधीशांनी विचारले, “हुकूम असताना कुलूप तोडलंत कसं?”

बाई म्हणाल्या, “हुकमानंच तोडलं, साहेब. पेपरात आलंय.” त्यांनी पिशवीतून कागदाची पट्टी काढून पुढे केली.

“पेपर म्हणजे कायदा नाही, बाई. कुणी सांगितलं तुम्हाला असं?”

मी ओळखले. पट्टीची रुंदी ओळखली. मी उठून म्हणायला हवे होते, ‘साहेब, मी सांगितलं, चूक माझी.’ न्यायाधीशांनी त्यांना माफ केले असते की नाही, कोण जाणे. पण जाणूनबुजून नाही, समजुतीने केले, एवढे तरी नोंदीवर आले असते. मी वहीत मान घातली आणि बसून राहिलो. मला भीती वाटली. सदर जाईल, लोक हसतील, एवढीच भीती. त्याहून मोठे काही नव्हते.

बाईंना दहा दिवसांची कैद झाली. कायदा हातात घेतला म्हणून त्यांचा मूळ अर्जही फेटाळला. दुकान गेले ते गेलेच.

त्याच संध्याकाळी मी तीन ओळींचा खुलासा लिहून संपादकांना दिला. ते म्हणाले, “एकदा खुलासा छापला की लोक जुनी सगळी सदरं उकरून काढतील. तुझंच नुकसान आहे.” खुलासा त्यांनी खणात टाकला. मी तो पुन्हा मागितला नाही. त्यांच्यावर मी एकोणीस वर्षे दात धरून आहे, कारण तो दुसऱ्या कोणावर धरायचा तर आरशात बघावे लागते. पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाईंना जाऊन भेटा.” मी म्हणालो, बघू. ती जाईपर्यंत बघू म्हणत होतो.

७. मुलाला ही खोली का नाही. मुलगा वाईट नाही. माझ्या गोळ्या तोच वेळेवर काढून देतो. झटका आला त्या दिवशी त्याने मला पाठुंगळी घेऊन जिना उतरवला. पण सगळे घर एकगठ्ठा घेणारा माणूस त्याने ठरवला आहे, आणि रस्त्याकडची खोली निघाली की तो सौदा मोडतो. आज सकाळी खोली कोणाला देतो ते सांगितले, तेव्हा म्हणाला, “बाबा, कोण आहे ही बाई? तुम्हाला कोणीतरी गुंडाळतंय.” त्याची शंका रास्त आहे. कारण मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. वडिलांनी गप्प बसून चांगले नाव राखले आणि त्या नावाचा मुलाला अभिमान आहे. त्याचा हा अभिमान मी आज मोडतो आहे, त्याबद्दल त्याची क्षमा मागतो.

८. साक्षीदारांना या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही. त्यांच्यापैकी पुकारेकाकांना माझी शिसवी काठी द्यायची होती, पण साक्षीदाराला दिले की शंकेला वाट मिळते. काठी काल हातोहात देऊन टाकली.

९. शिवणवाल्या बाईंना हे सदर मी लिहिले होते याची कल्पना नाही. हे लिहिण्यात त्यांचा हात नाही, त्यांना काही ठाऊक नाही.

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुढे.

साक्षीदार आले. डॉक्टरबाई आमच्या घरच्या. पुकारेकाका त्याच कोर्टात तीस वर्षे पक्षकारांच्या नावांचा पुकारा करत. आता आवाज बसला आहे, नाव तेच राहिले. मुलगाही आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, सूनबाई दारात.

डॉक्टरबाईंनी वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. एकदा चुकलो, स्वतःच दुरुस्त केले. मग त्यांनी टेबलावरची वस्तू दाखवून विचारले, “हे काय?” मला तो शब्द येईना. मी म्हणालो, “नाव येत नाही. कागद कापायची आहे.” मुलाने सूनबाईंकडे पाहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बरं, या कागदानं तुम्ही काय करताय ते सांगा.” मी सहावे कलम त्यांना तोंडी सांगितले, न अडखळता. त्यांनी दाखला लिहायला घेतला.

मग नवव्या कलमापर्यंत मी मोठ्याने वाचले. पुकारेकाकांनी काठी जमिनीवर टेकली.

“नववं खोटं आहे,” ते म्हणाले. “मी त्याखाली सही करणार नाही.”

“खोटं कसं?”

“ती पट्टी बाईंच्या हातातून साहेबांच्या टेबलाशी मीच नेली. साहेबांनी बघितलीसुद्धा नाही, परत दिली. वर तुमचा फोटो होता की. टोपीवाला.”

पुकारेकाका पुढे म्हणाले, “परत देताना मी बाईंना हळूच म्हटलं, हे काय इथंच बसलेत, साहेबांना सांगा. तर म्हणाल्या, ‘दिसतायत मला. त्यांचं त्यांनी उठावं, मी कशाला उठवू?’ शिक्षा सांगेपर्यंत तुमच्याकडेच बघत होत्या. तुम्ही वहीत.”

सदरावर फोटो येत असे हे मी विसरलो होतो, असे लिहायचा मोह झाला. तसे लिहिले तर सोमवारी मुलाच्या वकिलाला आयतेच सापडेल. पण त्यासाठी नाही, ते खरे नाही म्हणून लिहीत नाही. विसरलो नव्हतो. पट्टी कापताना वरचा भाग गेला असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मुलाने विचारले, “बाबा, हे सगळं खरं आहे?”

“खरं आहे.”

तो म्हणाला, “अर्ज मी मागे घेणार नाही. सोमवारी काय ते कोर्टात.” आणि गेला. सूनबाई वही घेऊन त्याच्या मागे गेल्या.

दुरुस्ती. कलम नऊमधील पहिले वाक्य मी रेघ मारून खोडले आहे. दुसऱ्या वाक्यातले ‘त्यांना काही ठाऊक नाही’ खोडून ‘त्यांना या मृत्युपत्राविषयी काही ठाऊक नाही’ असे केले आहे. दोन्ही ठिकाणी समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे.

१०. हे कलम वाचून दाखवल्यानंतर वाढवले. मृत्युपत्र माणूस मेल्यावर बोलू लागते. ज्या बाई मी उठण्याची वाट बघत उभ्या राहिल्या, त्यांना मी मेल्यावर उठलो असे कळवण्यात काही अर्थ नाही. सोमवारपर्यंत माझी सही चालते. म्हणून सह्या होताच मी पुकारेकाकांबरोबर कापड दुकानाशी जाणार आहे. आधी चूक कबूल करीन, खोलीचे नंतर. बाईंनी तोंड फिरवले तर परत येईन, आणि तसे झाल्यास सहावे कलम कायम राहील. माझ्यामागे त्यांनी खोली नाकारली तरी त्यांना कोणी गळ घालू नये, ती मुलगा व मुलीकडे जावी. त्यांनी खोली घेतली, तर बक्षीसपत्र मी हयातीतच करून देईन आणि मग देण्यासारखे काही न उरल्यामुळे सहावे कलम आपोआप निष्फळ होईल. ते निष्फळ व्हावे, हीच माझी इच्छा आहे.

ठिकाण: रस्त्याकडची खोली
दिनांक: ११ मार्च २०२५, दुपारी बारा वाजून पाच मिनिटे

(सही) मृत्युपत्र करणार, निवृत्त सदरलेखक

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी प्रत्येक पानावर सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही.

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. तपासणीचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांना काय करायचे आहे ते त्यांना पुरते कळते.

साक्षीदार २: (सही) निवृत्त शिपाई, दिवाणी न्यायालय. सही करून लगेच हे आणि मी कापड दुकानाकडे निघत आहोत.