बिडीच्या धुराशिवाय दिसलेला झोत

सिंदी (रेल्वे)

प्रिय बाबा,

काल दुपारी आपल्या गावच्या हॉलमध्ये तुमचा झोत दिसला. छतापासून जमिनीपर्यंत, अख्खा. ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना, म्हणून कागद घेऊन बसले.

तुम्ही गेल्यावर नाटक मंडळाचे लाइट मी सांभाळते म्हटलं, तेव्हा अध्यक्ष गुलाबकाका काय म्हणाले ठाऊक आहे? "बी.एस्सी. झाली म्हून का पोट्टी लाइट मारन? बरं, बाबुरावची लेक हायेस. एक डाव पाहू."

तो एक डाव मी हरले, बाबा. दिवाळीनंतरचा प्रयोग होता. शेवटचा प्रवेश तुमचाच. अंधारकोठडी, वरच्या झरोक्यातून उतरणारा उजेडाचा तिरपा खांब, आणि त्यात हात धरून उभा असलेला कैदी. लोक नाटकाचं नाव विसरत, पण बाबुरावचा झोत विसरत नसत. दिवा मी तुमच्याच खुणेवर बांधला होता. तुमचंच भिंग, तुमचाच डिमर. आणि खांब उतरलाच नाही. कैद्याच्या पायाशी भाकरीएवढा पांढरा डाग पडला, बस. मागून कोणी तरी म्हणालं, "बाबुराव गेला, त्याचा झोत बी गेला."

मी भिंग तीनदा पुसलं. बल्ब बदलला, वायरी बदलल्या. तुमच्यावर रागावलेसुद्धा. काही तरी खुबी तुम्ही माझ्यापासून लपवली, असंच वाटलं. का लपवावी तुम्ही?

उत्तर दिलं हॉल झाडणाऱ्या शांताबाईंनी. त्या सहज बोलल्या, "हॉलात बिडीबंदी आल्यापासून झाडनं सोपं झालं बाई. पयले एका नाटकाले टोपलंभर थोटकं निघत. आता एक नाई."

मी तिथंच खुर्चीवर बसले. खिडक्या बंद केलेला हॉल, तीनशे माणसं, त्यातली निम्मी बिडी ओढणारी. तीन अंक होईपर्यंत हवेत धुराची साय धरायची, आणि तुमचा झोत त्या सायीवर उमटायचा. धूळ, धूर, काही तरी मध्ये असल्याशिवाय उजेडाची वाट दिसत नाही, हे मी परीक्षेच्या पेपरात लिहून आले होते. घरच्या दिव्याखाली मात्र मला ते ओळखू आलं नाही.

तुम्हाला ठाऊक होतं. मी तिसरीत होते, तेव्हा दिवा बांधून झाला की तुम्ही बिडी पेटवायचात आणि झुरका वर, उजेडात सोडायचात. "पाय वर्षा, आता उजेडाले अंग आलं." मी टाळ्या वाजवायचे. तुमचं बंडल दुकानातून धावत जाऊन मीच आणायचे, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. पुढं तुम्हाला दोन पायऱ्या चढवेनात, तेव्हा ती धाव आठवून मी कितीदा रडले. एकदा तरी रिकाम्या हाती परत यायला हवं होतं. पण बाबा, तुम्हीही एकदा तरी नको म्हणायला हवं होतं ना?

चैत्रातला प्रयोग ठरला आणि काकांनी सांगून टाकलं, "नागपूरच्या लाइटवाल्याशी बोललो आहो. या बारीले झोत नाई दिसला तं लाइटचा बोर्ड त्याच्या हाती." वर उपायही त्यांनीच काढला. "पाच-सहा म्हाताऱ्याहिले पुढं बसवू, बिड्या देऊ. दंड मी भरतो."

मी म्हटलं, "काका, ज्या धुरानं माझे बाबा गेले, त्याच्यावर बाबांचा झोत नाही दाखवणार मी. तसं असेल तर आजच बोर्ड घ्या."

काका चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मंग काय करतं ते कर."

वर्ध्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी धुराचं मशीन आणलं. त्यात काही जळत नाही. एक पातळ द्रावण तापतं आणि त्याचं धुकं होतं. तालमीत बटण दाबलं, आणि सगळं स्टेज पांढरं झालं. आतून कैद्याचा, म्हणजे आपल्या गजाननचा, आवाज आला, "वर्षाताई, मी कैदी आहो का कुकरमधली इडली?" सगळे पोट धरून हसले. धुकं विरलं तरी झोत दिसेना, कारण कूलर सुरू होते आणि त्यांनी सगळं धुकं पार मागच्या दारातून घालवलं. चैत्रात आपल्या गावात कूलर बंद ठेवला, तर पहिल्या अंकातच हॉल रिकामा होईल.

चार दिवस मी कूलरशी भांडले. पाचव्या दिवशी त्यालाच कामाला लावलं. स्टेजजवळच्या एका कूलरचं पाणी बंद केलं, पंखा सगळ्यात हळू ठेवला आणि मशीन त्याच्या तोंडाशी मांडलं. मागचं दार लावलं. शेवटच्या अंकाच्या आधी थोडं थोडं धुकं सोडायचं. ढग नको, साय हवी. तुमचीच साय, फक्त कोणाच्या छातीतून न आलेली.

आणि काल तिसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश आला. मी डिमर हळूहळू वर घेतला. झरोक्यातून आधी एक सूत निघालं, मग पट्टा, मग खांब. गजाननने त्यात हात धरला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

तेवढ्यात हॉलचे मॅनेजर टॉर्च घेऊन रांगांमधून फिरू लागले. "कोन ओढून राह्यलं? मी नाटक बंद करतो!" बिडीबहाद्दर मारोतीआबांनी खिसे उलटे करून दाखवले, "मी नोय बाप्पा. पाय, बंडल घरी ठेवून आलो." मॅनेजर मेनस्विचकडे निघाले. माझा हात डिमरवर. तो सोडून त्यांना समजवायला गेले तर झोत जाणार, न गेले तर नाटक जाणार. काय करणार होते मी?

पहिल्या रांगेतून आई उठली. आपली आई, जी चारचौघांत घसा खाकरत नाही. ती पदर सावरत त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, हा बिडीचा धूर नाई. मी पंचवीस वर्सं बिडीच्या धुरात संसार केला. मले वास शिकवू नका. तुमी घेऊन पाहा."

मॅनेजरनी दोनदा नाक ओढलं. टॉर्च विझवला आणि तिथल्याच रिकाम्या खुर्चीवर बसले. पडदा पडेपर्यंत उठले नाहीत.

टाळ्या किती वेळ चालल्या, सांगता येत नाही. काका आत आले, बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नागपूरवाल्याले मी नाई म्हून कळवतो. पुढच्या बारीचं तूच पायजो." आणि जाता जाता म्हणाले, "बाबुरावचा झोत म्हनत होतो आमी. आता वर्षाचा म्हना लागन."

बाबा, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण खरी गोष्ट घरी येताना कळली. आईनं वाटेत माझा हात धरला. मग म्हणाली, "असा होता काय वो त्याहिचा झोत?" मला कळेना. तिनं तर तुमची सगळी नाटकं पाहिली होती. "दुसऱ्या अंकातच मले खोकला लागे. तोंडाले पदर लावून मी भायेर पायरीवर बसत होतो. लोकं सांगत, तेवढंच ऐकलं. त्याहिले कधी सांगतलं नाई."

तुमच्या दिव्याचं सगळ्यात मोठं काम तिनं काल पहिल्यांदा पाहिलं, बाबा. बाहेरच्या पायरीवर अशा आणखी किती बायका बसत असतील, याचा विचार आपण दोघांनीही कधी केला नाही.

म्हणून हा शब्द देते. यापुढे प्रत्येक प्रयोगाआधी मी पडद्यापुढे येऊन सांगेन की धुकं कशाचं आहे, आणि त्रास होत असेल तर हात वर करा, मी मशीन बंद करीन. त्या दिवशी झोत फिका पडला तरी चालेल. पण माझ्या नाटकातून श्वासासाठी उठून कोणी बाहेर जाणार नाही. शेवटचा प्रवेश सगळ्यांनी पाहायचा.

तुमची,
लाइटवाली वर्षा