सहा मितींतले चार

३ फेब्रुवारी
चार! सहा मितींत सुपरचार्ज फक्त चार! पुस्तकं आठ म्हणतात. म्हणोत बापडी! मी तीनदा मोजले. संशोधकाची कायमची जागा एकच, नऊ तारखेला निवड समितीपुढे बोलायचं, आणि ऐन वेळी हाती हे घबाड!

४ फेब्रुवारी
आईला फोनवर सांगितलं. कमी झाले त्यात आनंद कसला, म्हणाली. समजावलं — सुपरचार्ज म्हणजे कणांच्या जोड्या लावणारे मध्यस्थ. जितके कमी, तितकी सिद्धांताला मोकळीक. लगेच माझ्या लग्नावर घसरली. नेलाच विषय तिथे!

९ फेब्रुवारी
जमलं! समितीत माझ्या विषयातलं कोणी नव्हतं, तरी टाळ्या! समोरच शंकासुर, माझा सहकारी. ऑफिसात माझ्याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर बसतो. विषय तोच, जागेसाठी अर्जही केलेला. कुणाचंही भाषण असो, याची शंका ठरलेली. आज मात्र तोंडातून ब्र नाही! मी तर हवेतच आहे.

११ फेब्रुवारी
मेले! सुपरचार्ज मोजायचे ते स्पिनरचे, म्हणजे कणाच्या फिरकीच्या गणिताचे, घटक मोजून. दहा मितींत तो दोन अटी लावून दोनदा अर्धा करता येतो — चौसष्ट, बत्तीस, सोळा. सवयीने सहा मितींतही तोच हात फिरवला — सोळा, आठ, चार. पण तिथे दुसरी अट लागूच होत नाही! आठच. दात घासताना कळलं. आधी खूप हसले, मग खूप रडले.

१२ फेब्रुवारी
शंकासुराला गाठलं. माझी चूक दिसली होती का, विचारलं.
"दुसऱ्याच मिनिटाला."
"मग गप्प का बसलास?"
"तुझी तुला सापडली असती. सापडलीच ना?"
कावेबाज! मी तोंडावर आपटावं म्हणूनच! नाही नाही ते बोलले त्याला. तो कप उचलून निघून गेला.
समितीला कळवून टाकलं — चार नव्हे, आठ. जागा गेली. पण मान ताठ आहे, आणि भूक सपाटून लागलीय.

१४ फेब्रुवारी
समितीचं उत्तर आलं: सुधारून पुन्हा बोला, उमेदवार आता तुम्ही एकट्याच. दुसरा अर्ज आठ तारखेलाच मागे घेतलेला.
आठ! माझ्या भाषणाच्या आदल्या दिवशी! म्हणजे शंकासुर तिथे जागेसाठी नव्हताच. नुसता मला ऐकायला बसला होता.